टावरमाळचा भागाकार

तुळशीदासचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आमची ओळख चांगली जुनी झाली होती. तोवर तो माझ्यासाठी नुसता आवाज होता. जरासा खरखरीत, वाक्य संपायच्या आधीच खाली बसणारा. रोज सकाळी लाइनच्या चाचणीसाठी मी जव्हारच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेडफोन कानाला लावायची आणि तिकडून यायचं, "जव्हार, टावरमाळ बोलतोय. ऐकू येतंय का?"

"येतंय. नाही आलं तर काय करणार आहात?"

मी रोज हेच म्हणायची आणि तो रोज गप्प बसायचा. थट्टा त्याच्या गळी उतरायला वेळ लागे. कधी दुपारी भलत्याच कामासाठी लाइन उघडली की सकाळच्या बोलण्यावर हसायचा, आणि हा आता कशाला हसतोय हे मला आठवून काढावं लागायचं. असा तो माणूस.

ही चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या पुढची गोष्ट. तेव्हा आमचा जिल्हा ठाणे, आणि ठाण्याच्या साहेबलोकांना जव्हार-मोखाडा म्हणजे बदलीची शिक्षा. आतल्या गावांपर्यंत फोनची तार न्यायची तर पावसाळ्यात खांबच आडवे व्हायचे. म्हणून खात्याने रेडिओवर चालणारे फोन दिले, गावाला एक. वावर गावाच्या वर एक उघडा माळ आहे, तिथे लोखंडी मनोरा उभारला, त्याच्या पायथ्याशी पत्र्याची खोली बांधली आणि त्या खोलीत तुळशीदासला बसवलं. माळाला आधी काही नाव होतं की नाही देव जाणे, मनोरा आल्यावर सगळे टावरमाळ म्हणायला लागले.

काम असं चालायचं. प्रत्येक गावाच्या फोनला स्वतःची एक लहर ठरवून दिलेली. ती पकडायची तर माळावरच्या यंत्रात त्या गावाचं क्रिस्टल खोचावं लागे. क्रिस्टल म्हणजे चिंचोक्याएवढी धातूची डबी, खाली दोन पाय. वांगणीची वेगळी, दाभोशाची वेगळी. ज्याला फोन करायचा तो आधी एका सामाईक लहरीवर हाक मारी, "भाऊ, वांगणी!" त्या लहरीवरून माळापर्यंत बोलता येई, पुढे नाही. मग तुळशीदास विचारायचा, कोण बोलतंय, कुठे लावू, पोर बरं आहे का, नाचणी किती आली. मग वांगणीची डबी खोचायची, मला सांगायचं, आणि मी पुढे वसई म्हणा, भिवंडी म्हणा, जोडून द्यायची. पुष्कळदा चौकशी फोनपेक्षा लांब चालायची आणि मी इकडे बोटं मोडत बसायची.

"भाऊ, तुम्ही एक्स्चेंज चालवता की पारावर बसता?" मी विचारायची.

"माणसं सांगतात ताई, मी ऐकतो," तो म्हणायचा.

त्याला सगळं ठाऊक असायचं. कुणाची म्हैस व्याली, कोण वीटभट्टीवर गेलं, कुणाच्या घरी कुणी बोलेनासं झालंय. फक्त माळावर आल्यापासून त्यातलं एकही माणूस त्याने ओळखून डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी तो वावरला उतरायचा, तेल-मीठ घ्यायचा आणि पुन्हा चढायचा. बाजारातल्या गर्दीत शेजारी उभी असलेली बाई काल आपल्याशी अर्धा तास बोलली, हे त्याला कळायचं नाही. तिने तोंड उघडलं तर कळायचं. मग म्हणे तो तिथून निघून जायचा. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाला, "काय बोलणार समोरासमोर?"

मूळचा तो दाभोशाचा. बाप रघु भाताचा शेतकरी, तो गेल्यावर शेती धाकट्या भावाकडे. हा जव्हारला वसतिगृहात राहून शिकला, पुढे ठाण्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. लग्नही केलं, मंजुषाशी. ती वाडा तालुक्यात शाळेत शिक्षिका. लग्नानंतर रजा काढून एक पावसाळा तिने माळावर काढला. धुकं खोलीत येऊन बसायचं, कपडे वाळायचे नाहीत, शेजार म्हणजे मनोरा. ती त्याला म्हणाली, "मी इथे बोलू कुणाशी?" हा म्हणाला, "मी आहे की." त्यावर ती म्हणाली, "तुम्ही दिवसभर बोलता. माझ्याशी सोडून." रजा संपली, ती वाड्याच्या शाळेत गेली ती तिकडेच राहिली. भांडण नाही, तंटा नाही. आधी हा महिन्याला जायचा, मग सणाला. मंजुषा वाईट बाई नव्हती. तिच्या जागी मी असते तर पावसाळासुद्धा काढला नसता.

माझं म्हणाल तर माझं लग्नच झालं नाही, आणि का झालं नाही ते या गोष्टीत येत नाही. आईवडील गेल्यावर जव्हारच्या घरात मी एकटी, आणि दिवसभर कानात दुसऱ्यांची बोलणी. तेव्हा तुळशीदासच्या एकटेपणावर फार शहाणपणा शिकवायला मला तोंड नव्हतं. तरी मी शिकवायची.

एका मार्गशीर्षात वांगणीचं क्रिस्टल त्याच्या हातून फरशीवर पडलं आणि गेलं. बाहेरून डबी धड, आतून मुकी. नवीन मागवलं. ते यायला महिने लागले, आलं ते दुसऱ्याच लहरीचं, पुन्हा परत गेलं. तेवढ्या काळात वांगणीची माणसं हाक मारू शकत होती, माळाशी बोलू शकत होती, पण माळाच्या पलीकडे त्यांना जाता येत नव्हतं. आणि ते दिवस नेमके गाव रिकामं होण्याचे. दिवाळी झाली की वांगणीतले निम्मे लोक वसईकडे भट्ट्यांवर विटा पाडायला जातात ते पावसाच्या तोंडाशी परत येतात.

वांगणीत रुपी म्हणून बाई होती. तिचा नवरा पांड्या वसईजवळच्या भट्टीवर. ती मागे राहिली होती, कारण पोर तापाने आजारी. भट्टीचा मुनीम आठवड्यातून एकदाच फोनला हात लावू द्यायचा. रुपीने तुळशीदासला विचारलं, "भाऊ, मी तुझ्याकडंच आली तं? तठनं बोलाया येल?" येईल, म्हणाला. माळावरच्या खोलीतल्या फोनला क्रिस्टल लागत नव्हतं, ती तारेची लाइन थेट माझ्याकडे येत होती. भट्टीवर निरोप गेला आणि ठरलं. पांड्याने त्याच्या फोनच्या दिवशी दुपारी फोन करायचा आणि रुपीने चढून माळावर यायचं.

पांड्याचा फोन मीच जोडून दिला. तुळशीदासने उचलला. रुपी पोचली नव्हती. हा म्हणतोय, थांब, येतेच आहे, खाली वळणावर दिसली मला, तो म्हणतोय, पोराचा ताप उतरला का तेवढं सांग, आणि मागून मुनीम ओरडतोय, "चल रे, रख दे, बहुत हुआ." फोन ठेवला गेला. थोड्या वेळाने रुपी पाठीला पोर बांधून, घामाने भिजून, दारात उभी राहिली.

हे पुढचं तुळशीदासने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, मी तिला सगळं सांगितलं, पोराची चौकशी करत होता, बरा आहे, काम चाललंय. तिने ऐकून घेतलं. रडली नाही, चिडली नाही. पाणी प्याली आणि विचारलं, "तू बोललास त्याच्याशी. आवाज कसा हुता त्याचा?"

"मग काय सांगितलंत?" मी विचारलं.

"चांगला होता म्हणालो."

"मग?"

"ती म्हणाली, चांगला म्हंजी कसा? मला सांगता आलं नाही, ताई. दिवसभर आवाजच ऐकतो मी. मला एक आवाज सांगता आला नाही."

ती पोराला घेऊन उतरून गेली.  

त्यानंतर त्याच्या डोक्यात शिरलं ते शिरलं. क्रिस्टलची वाट बघायचीच नाही. माळावरच्या यंत्रातून हव्या त्या गावाची लहर आपणच काढायची, एका डब्यातून. पांड्या पावसाळ्यात घरी येईल, दिवाळीनंतर पुन्हा जाईल, त्याच्या आत. मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग पोस्टाने येऊ लागले. ते आधी माझ्याकडे यायचे, मग जीपने वावरला. मी डबी हलवून बघायची, आत मुंगळ्यासारखे काळे तुकडे खुळखुळायचे. मला तो समजावून सांगायचा, आणि ते गाढवापुढे वाचली गीता असंच व्हायचं.

"ताई, एक लहर अशी असते की तिला ओढलं तर ती वर जाते, सोडलं तर खाली येते. तिच्यावर भरवसा नाही. दुसरी असते संथ, पण पक्की. त्या चंचल लहरीला एका आकड्याने भागायचं आणि आलेला भागाकार त्या पक्क्या लहरीशी ताडून बघायचा. मागे पडली तर ओढायची, पुढे गेली तर सोडायची. दोघींचं पाऊल जुळलं की झालं कुलूप. भागायचा आकडा बदलला की लहर बदलली. माझ्या डब्याचं काम एवढंच, सांगाल त्या आकड्याने भागायचं."

"भागाकार तर मी चौथीत शिकले. त्याला डबा कशाला?"

तो दुपारपर्यंत गप्प.

कळलं मला ते दसऱ्याला. जव्हारचा दसरा म्हणजे आजूबाजूच्या पाड्यांतली माणसं उतरतात, भोपळ्याचा लांब तारपा फुंकून वाजवतात, नाच फिरतो. मी दर वर्षी बघायची, त्या वर्षी पहिल्यांदा नीट पाहिलं. तारपेवाला मधे, त्याची लय पक्की. भोवती नाचणाऱ्यांची साखळी, तिची पावलं झरझर. साखळीच्या टोकाला घुंगरांची काठी घेतलेला माणूस, तो दर पावलाला काठी आपटत नाही. ठरावीक पावलं झाली की एकदा. काठीचा ठोका तारप्याच्या वळणावर पडला तर साखळी तशीच चालते, चुकला तर तो साखळीला रेटतो किंवा आवरतो. आणि मग त्याने किती पावलांनी काठी आपटायची ते बदललं. तारपा तोच, पण सगळी साखळी बघता बघता पळायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "तुमचा डबा म्हणजे तो काठीवाला."

 मग तो म्हणाला, "ताई, तुम्ही पहिल्या." म्हणजे त्याचं बोलणं समजून घेणारी पहिली.  मी म्हटलं, बरं बरं, कामाला लागा.

अडचण एक होती. त्या लहरी इतक्या झपाट्याच्या की साध्या गणकाला, म्हणजे ठोके मोजणाऱ्या तुकड्याला, मोजता येत नव्हत्या. त्यावर त्याने केलं असं, की पुढे एक चपळ गणक बसवला. तो नुसत्या दहा-दहाच्या जुड्या बांधायचा, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी रोपांच्या बांधतात तशा, आणि मागचा संथ गणक जुड्या मोजायचा. पण सगळेच आकडे दहाने सुटत नाहीत. वरचं सुटं उरायचं. मग हुकूम मिळाला की तो चपळ गणक काही जुड्या अकराच्या बांधायचा आणि सुटं त्यात मुरवायचा. यामुळे डब्याला कुठलाही आकडा सांगता येऊ लागला. आज दिलेली गावं, उद्या येणारी गावं, सगळी त्या एका डब्यात. वर त्याने आणखी एक केलं. डबा आपोआप एकेका गावाच्या लहरीवर क्षणभर थांबून बघणार, कुणी फोन उचललाय का; उचलला असेल तर तिथेच थांबून त्याला जव्हारची लाइन देणार. आणि माझ्या बोर्डावर आकड्यांच्या चकत्या बसवणार. मला वांगणी हवी असेल तर मी इथूनच चकती फिरवायची.

"मग माळावर माणूस कशाला?" मी विचारून गेले.

"नको."

"तुम्हाला कळतंय ना काय म्हणताय ते?"

"कळतंय. हे चाललं की मला कुणी हाक मारणार नाही."

मला संताप आला. "आपल्याच पायावर धोंडा मारून घेणारे खूप पाहिले, पण त्यासाठी मुंबईहून धोंडा मागवणारे तुम्हीच. क्रिस्टल येईल की कधीतरी. तेवढं पुरे आहे वांगणीला."

"पुन्हा फुटेल. मग पुन्हा कुणीतरी चढून येईल." तो थांबला. "ताई, तिने विचारलं आवाज कसा होता. तो तिचा तिने ऐकायला पाहिजे. मी मधे कशाला?"

 उत्तर नसलं की मी लाइन बंद करते, तशी केली.

दिवाळीच्या आधी डबा तयार झाला. त्याने वांगणीचा आकडा लावला आणि हाक मारली. मी लाइनवर होतीच. पलीकडून उचलला गेला, पण तो दाभोशाचा फोन निघाला. वांगणीच्या पुढची लहर. दाभोशाच्या पंचायतीत त्या वेळी शिपाई नव्हता, कुणी म्हातारा ओट्यावर बसलेला, त्याने उचलला.

"कोन?"

"मी तुळशीदास."

"कोनचा तुळशीदास?"

"रघुचा. खळ्याजवळचं घर."

"रघुचा पोऱ्या तं मुंबयला हाय."

"नाही बाबा. मी इथंच आहे, माळावर. मनोऱ्याजवळ."

 दाभोशाच्या ओट्यावरून तो मनोरा दिसतो. म्हाताऱ्याने अगदी साधेपणाने विचारलं, "तठं मानूस ऱ्हतो?"

तुळशीदासने फोन ठेवला. मला म्हणाला, "आकडा चुकलाय कुठेतरी," आणि त्याबद्दल पुन्हा कधी काही बोलला नाही. 

मग चूक शोधणं सुरू झालं. वांगणी लावली की दाभोसा, दाभोसा लावलं की त्याच्या पुढचं गाव. तारा तपासल्या, सांध्यांना डाग पुन्हा दिले, सगळं बरोबर. गणक संथ चालवून, दर पावलाला एक लाल दिवा लुकलुकेल असं करून तो मोजून बघायचा. मोजणी दर वेळी बरोबर. दिवाळी तोंडावर आली आणि पांड्या गाठोडं बांधायला लागला असेल, म्हणून तो हवालदिल झाला. एका सकाळी चाचणीच्या वेळेला म्हणाला, "ताई, मी मोठ्याने मोजतो, तुम्ही फक्त ऐका. माझं मन लागत नाही एकट्याचं."

आणि मोजायला लागला, "लाभ. एक. दोन. तीन..."

मी हसत सुटले. "लाभ? दुकान उघडलंत का तिथे?"

"का, तुमच्या खळ्यावर नाही म्हणत?"

"म्हणतो की. धान्य मापताना एक म्हणायच्या जागी लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. तुम्ही लाभच्या पुढे पुन्हा एक कुठून आणलात?"

"पहिलं माप कणसरीचं," तो म्हणाला. कणसरी म्हणजे इकडची धान्याची देवी. "आमच्या खळ्यावर बाबा पहिलं माप तिच्या नावाने लाभ म्हणून बाजूला ओतायचे. ते मोजायचं नसतं. मोजणी त्याच्यापुढे सुरू..."

आणि तो गप्प झाला. या वेळी दुपारपर्यंत थांबावं लागलं नाही.

त्या गणकाची खोड अशी होती, की तो शून्यालाही एक पाऊल धरायचा. सांगितलेल्या आकड्यापेक्षा एक जास्त चालायचा. हे कुणीही दिवे मोजले असते तर दिसलं असतं. पण हा मोजताना पहिली लुकलुक देवीला वाहून टाकत होता, म्हणून मोजणी दर वेळी बरोबर यायची. डिप्लोमा कॉलेजातला आणि मोजणी बापाच्या खळ्यावरची. मी हे त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "बाबा गेले तेव्हा मी इथं होतो, ताई. खळं बघून किती वर्षं झाली. मी असं मोजतो हे मलाच माहीत नव्हतं."

त्याने आकडा एकाने कमी केला. वांगणी लागली.

चकतीवरचं शून्य मात्र त्याने कुठल्याच गावाला दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "पहिलं माप राहू दे बाजूला." ते त्याने माळावरच्या खोलीतल्या फोनला जोडलं. म्हणजे मी शून्य फिरवलं की त्याची घंटा वाजणार.

दिवाळी झाली, पांड्या भट्टीवर गेला आणि ठरलेल्या दिवशी त्याचा फोन आला. मी चकती फिरवली. रुपीने तिच्या गावात, तिच्या गावच्या फोनवर उचलला. ऐकलं नाही म्हणेन तर खोटं होईल. पहिल्यांदा ती काही बोललीच नाही, त्यालाच बोलू दिलं. मग म्हणाली, "खोकला झालाय तुना. सांगला नाय मना."

हे मी तुळशीदासला सांगितलं. तो म्हणाला, "मला नसता ऐकू आला तो खोकला."

त्यानंतर साहेब आले. एरवी उंटावरून शेळ्या हाकणारे, पण या वेळी जीप करून माळापर्यंत गेले, डबा पाहिला, तोंडभर कौतुक केलं, बरोबरच्या लोकांना दाखवलं. आणि उन्हाळ्याच्या आत माळावरची जागा रद्द झाली. कौतुक खरं होतं आणि जागा रद्द होणंही रीतसर होतं. दोन्हींत कुणाचं कपट नव्हतं. तुळशीदासला जव्हारच्या एक्स्चेंजमध्ये, मागच्या भांडार-खोलीत आणून बसवलं. तारांची भेंडोळी, जुने फोन आणि हा. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. मी उंच माणूस धरून चालले होते. निघाला बुटका, आणि बोलताना जमिनीकडे बघणारा. आम्ही दोघंही इतके ओशाळलो की "या", "आलो", याच्यापुढे बोलणं गेलं नाही. इतक्या वर्षांच्या सकाळी ज्याच्याशी बोलण्यात गेल्या, तो भिंतीपलीकडे येऊन बसला आणि आमचं बोलणं बंद पडलं.

सुट्टी काढून तो पिशवी घेऊन वाड्याला गेला. लवकरच परत आला.  त्यानेच सांगितलं, "तिच्या घरात सगळं जिथल्या तिथे आहे. मी कुठे बसलो तरी काहीतरी हलवावं लागत होतं." आणि त्याला हसू आलं, पण ते हसू काही खरं नव्हतं.

माणसांची सवय लवकर जात नाही. गावातले लोक अजूनही फोन उचलला की आधी म्हणायचे, "भाऊ, वांगणी. पोर बरा हाय." क्षणभर थांबायचे. मग डबा त्यांना लाइन द्यायचा आणि ते माझ्याशी बोलायचे. ते शब्द कुणासाठीच नव्हते. मी एकदा भांडार-खोलीच्या दारात जाऊन त्याला हे सांगितलं. सांगायला नको होतं असं नंतर वाटलं.

कारण पुढच्या रविवारपासून चकत्या चालेनात. सोमवारी सगळं ठीक, रविवारी बंद. गावांचे फोन मात्र येत होते, फक्त अंमळ उशिरा. तिसऱ्या रविवारी लाइनमागे त्याचा आवाज ऐकला आणि माझ्या लक्षात आलं. हा पहिल्या गाडीने वावरला जायचा, माळ चढायचा, डब्याची कळ दाबून त्याला गप्प बसवायचा आणि दिवसभर स्वतःच्या हाताने आकडे लावून फोन जोडून द्यायचा. गावं खूश. "भाऊ, कठं गेल्ता?" मी वर कळवलं, रविवारी हवामानाचा अडथळा. ऐन मे महिन्यात, निरभ्र आकाशात. कुणी विचारलं नाही.

पांड्या पावसाळ्यात आला, पुन्हा गेला. हिवाळ्यातल्या एका रविवारी रुपीचा फोन आला. मी इकडे लाइनवर होते.

"बोल रुपी," तुळशीदास म्हणाला. "पोर काय म्हणतंय? दात आले का सगळे?"

"भाऊ, लगीच लाव ना. तो मुनीम ठेवल फोन." आणि मग, काही वाईट मनात न ठेवता, "ते मशीनच बरा हाय. उचलला का लागतो."

"लावतो," तो म्हणाला. लावला. ती बोलली पांड्याशी, हसली सुद्धा. फोन संपल्यावर मी वाट बघत राहिले, पण तो लाइनवर आला नाही. थोड्या वेळाने माझ्या बोर्डावरचा दिवा लागला. चकत्या सुरू झाल्या होत्या. त्याने कळ वर करून दार लावलं होतं, आणि मग तो पुन्हा कधी माळावर गेला नाही.

सोमवारी तो भांडार-खोलीत तारा गुंडाळत बसला होता. मंगळवारी तेच. मला वाटलं, याला काहीतरी म्हणावं, पण समोर उभं राहून काय म्हणायचं ते आम्हा दोघांनाही येत नव्हतं. बुधवारी मी लाइनमनला सांगून शून्याची जोडणी बदलून घेतली. माळावरच्या रिकाम्या खोलीत वाजण्यापेक्षा ती घंटा भांडारातल्या एखाद्या जुन्या फोनवर वाजू दे, म्हटलं.

गुरुवारी सकाळी मी हेडफोन लावला. गावांची कामं सुरू व्हायची होती. पहिली चकती शून्यावर फिरवली. भिंतीपलीकडे, रद्दी फोनांच्या ढिगात, एक फोन वाजायला लागला. बराच वाजला. त्याला तो कुठला, ते शोधावं लागत असणार. मग उचलला गेला.

"जव्हार बोलतंय," मी म्हटलं. "ऐकू येतंय का?"

 दुपारपर्यंत थांबायची मी तयारी ठेवली होती.

"येतंय," तो म्हणाला. आवाज खरखरीत होता, आणि ओला होता. रुपीने विचारलं असतं तर मी सांगू शकले असते कसा होता ते. "नाही आलं तर काय करणार आहात, ताई?"

पुढे नव्या तऱ्हेचे फोन आले, माळावरचा मनोरा उतरवला, डबा भंगारात गेला. तोवर आमची ही चाचणी रोज होत राहिली, सगळ्या गावांच्या आधी. प्रत्येक गावाच्या फोनला मीटर होतं, शून्याला नव्हतं. त्यामुळे ते फोन कधी मोजले गेले नाहीत.